ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांना इंटरनेटवरील आरोग्याची माहिती पारखायला शिकवताना : नव्या प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शक

बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. या टोळ्यांतील स्त्रियांना आरोग्याची विश्वासार्ह माहिती इंटरनेटवर कशी शोधावी हे शिकवण्याचे काम ज्यांनी नुकतेच हाती घेतले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांत बचत गटांच्या समन्वयक असतील, आशा स्वयंसेविका असतील, समाजकार्याचे विद्यार्थी असतील किंवा गावातील वाचनालय चालवणारे कार्यकर्ते असतील. वैद्यकीय शिक्षण नसले तरी हे काम करता येते. किंबहुना आपण डॉक्टर नाही याचे भान असलेली व्यक्तीच ते अधिक जपून करते.

उदाहरणासाठी हाच समाज निवडण्याला कारण आहे. या भागात तरुण स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्यानंतर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि त्यांतल्या अनेकींचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी चाळिशीच्या आतले होते. कामावर एक दिवस गैरहजर राहिले तर मुकादम (टोळीला कामावर नेणारा कंत्राटदार) खाडा लावतो म्हणजे मजुरीतून दंड कापतो, फडावर म्हणजे तोडणीच्या शेतावर शौचालय नसते, कोपीत म्हणजे राहण्याच्या तात्पुरत्या झोपडीत पाण्याची सोय नसते, त्यामुळे होणारा जंतुसंसर्ग अंगावर काढला जातो. आणि शेवटी दवाखान्यात गेल्यावर “पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल” हे वाक्य कानावर पडते. हे वाक्य फोनमधून आलेले नव्हते, ते समोर बसलेल्या माणसाने सांगितलेले होते. ते खरे आहे का, हे विचारायला दुसरी जागा मात्र या स्त्रियांना नव्हती.

आज फोन ही दुसरी जागा होऊ शकतो, परंतु भीती आणि औषधे विकण्याचे दुकानही तोच आहे. म्हणून या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट आरंभीच मर्यादित ठेवावे. शोध घेणाऱ्या बाईने स्वतःवर उपचार करावेत असे आपल्याला शिकवायचे नाही. तिने माहिती शोधावी, पारखावी आणि त्यातून तयार झालेला नेमका प्रश्न घेऊन आशाताईंकडे, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरांकडे जावे, एवढेच शिकवायचे आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका हेतूशी जोडून पाहावी.

पहिली पायरी : वेळ, जागा आणि गटाची निवड

टोळ्या परतल्यानंतरचा एप्रिल-मे हा काळ लग्नसराईचा असतो, तर जूनमध्ये पेरणीची घाई असते. पेरणी उरकल्यापासून टोळ्या निघेपर्यंतचे महिने सर्वांत सोयीचे ठरतात, कारण याच काळात मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि पुढच्या हंगामाची तयारी घरोघरी सुरू होते. दोन-अडीच तासांचे एकच मोठे सत्र घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासाभराची चार-पाच सत्रे घ्यावीत. बसण्याची जागा अशी असावी की जिथे पुरुषांची ये-जा नसेल; अंगणवाडीची खोली दुपारी मोकळी होते, ती चालते. ग्रामपंचायतीचे सभागृह प्रशस्त असले तरी तेथे “अंगावरून जाते” हे शब्द कोणी उच्चारणार नाही.

गट दहा-बारा जणींपेक्षा मोठा करू नये. शक्य असेल तर एकाच टोळीत जाणाऱ्या दोघी-तिघी एका गटात घ्याव्यात, म्हणजे फडावर गेल्यावर त्या एकमेकींना आठवण करून देऊ शकतात. मोबाइलला रेंज कुठे येते, हे आदल्या दिवशी जाऊन पाहावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्धे सत्र रेंज शोधण्यात गेले तर “हे आपल्याला जमणारे नाही” अशीच समजूत घेऊन बायका घरी जातात.

दुसरी पायरी : फोन कोणाचा, हे आधी विचारणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ग्रामीण महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपासच होते. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण बाईच्या हातातला फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि संध्याकाळी तो त्याच्याकडे परत जातो. तिने दुपारी शोधलेले शब्द रात्री त्याला दिसतात. म्हणून शोधायला शिकवण्याच्या आधी शोधाचा मागमूस कसा पुसावा हे शिकवणे आवश्यक आहे. ब्राउझरमधील इन्कॉग्निटो खिडकी कशी उघडायची, यूट्यूबवरील पाहिलेल्या व्हिडिओंची यादी कशी काढून टाकायची आणि आवाज बंद ठेवून मजकूर कसा पाहायचा, या तीन गोष्टी पहिल्याच सत्रात प्रत्येकीच्या हातून करून घ्याव्यात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना वगळू नये. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनीही गावाच्या आरोग्यसेविका म्हणून समर्थपणे काम केले, आणि जामखेड बीडच्या सीमेला लागूनच आहे. कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की शब्द उमटतात, आणि पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही अनेक फोनमध्ये असते. वाचता येणारी मुलगी आईला मदत करू शकते. मात्र आईला मुलीसमोर प्रश्न विचारायचा नसेल तर तो तिचा अधिकार मानावा आणि दुसरी जोडीदारीण शोधून द्यावी.

तिसरी पायरी : त्यांचेच प्रश्न गोळा करणे

अनेक प्रशिक्षक येथे संकेतस्थळांची यादी घेऊन येतात, भिंतीवर लावतात आणि पाठ करून घेतात. संकेतस्थळे बदलतात, बंद पडतात, नव्या नावाने सुरू होतात; यादी एका हंगामात शिळी होते. त्याऐवजी पहिल्या सत्राच्या शेवटी प्रत्येकीला एक प्रश्न मनात ठरवायला सांगावा आणि तो आपल्याला एकटीने येऊन सांगण्याची मुभा द्यावी. कंबर सतत का दुखते, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या वारंवार घेतल्या तर काय होते, अंगावरून पांढरे जाणे हा आजार आहे का, रक्त कमी आहे म्हणजे नेमके काय, सासूची शुगर काढ्याने उतरेल का, अशा स्वरूपाचे प्रश्न येतील. पुढची सर्व सत्रे याच प्रश्नांवर बेतावीत आणि विचारणारीचे नाव कधीही घेऊ नये.

मुलगा होण्याचे औषध कोठे मिळते, हा प्रश्नही येईल, आणि तो विचारणारी बाई बहुधा घरच्यांच्या दडपणाखाली असते. तिला रागावण्यात अर्थ नाही. बाळाचे लिंग वडिलांच्या शुक्राणूवर ठरते, गर्भ राहिल्यानंतर ते कोणत्याही चूर्णाने बदलत नाही आणि गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, एवढे शांतपणे सांगून तोच मजकूर शासकीय संकेतस्थळावर तिच्याच हाताने शोधून घ्यावा.

चौथी पायरी : फोनमध्ये आधीच आलेला मजकूर तपासणे

शोधायला जाण्याआधी आपोआप चालत आलेल्या माहितीकडे वळावे, कारण या स्त्रियांपर्यंत पोहोचणारी बहुतेक आरोग्यमाहिती व्हॉट्सअपवरून येते, ती कोणी शोधलेली नसते. प्रत्येकीला तिच्या फोनमधील आरोग्याचा एखादा फॉरवर्ड उघडायला सांगावा. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा त्याहून अधिक हातांतून पुढे आलेला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अफवांमुळे जमावाने माणसे मारल्याच्या घटना घडल्यानंतर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून अशा बहुप्रसारित संदेशांना एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार मारण्यात आले, ही घटना बऱ्याच जणींना आठवत असते. पुढे पाठवलेल्या शब्दांचा परिणाम काय होतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

दोन बाण असलेला प्रत्येक संदेश खोटा नसतो, हेही स्पष्ट करावे. बाण फक्त एवढेच सांगतात की पाठवणाऱ्या नातेवाइकाने तो लिहिलेला नाही. म्हणजे भाऊ किंवा नणंद विश्वासू असली तरी मजकुराची हमी त्यांच्याकडून मिळत नाही. नात्यावरचा विश्वास आणि मजकुरावरचा विश्वास वेगळा करणे हा या सत्राचा गाभा आहे, आणि त्याला वेळ लागू द्यावा. मोठ्या दिराने पाठवलेला संदेश खोटा आहे असे गटात लिहिणे सुनेला शक्य नसते. तिने तो पुढे पाठवला नाही, तरी पुरे.

संदेशात डॉक्टरांचे नाव असले, मोठ्या रुग्णालयाचे नाव असले किंवा ओळखीच्या डॉक्टरांचा बोलता चेहरा असला, तरी तो पुरावा धरू नये. प्रसिद्ध व्यक्तींचा चेहरा आणि आवाज संगणकाने हुबेहूब तयार करून मधुमेहाची आणि सांधेदुखीची औषधे विकली जातात. ओठ जुळतात का, डोळे मिचकावतात का, असल्या खुणा शिकवण्यात वेळ घालवू नये; तंत्र सुधारते तशा त्या निकामी होतात. व्हिडिओच्या शेवटी काही विकत घ्यायला, लिंक दाबायला किंवा क्रमांकावर फोन करायला सांगितले आहे का, एवढाच प्रश्न विचारायला शिकवावे.

पाचवी पायरी : शोधाचे शब्द

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर उत्तर देणारा कोण भेटेल हे ठरते. “पांढरे जाण्यावर रामबाण उपाय” असे विचारले की विक्रेते भेटतात; “पांढरे जाण्याची कारणे” किंवा “पांढरे जात असेल तर डॉक्टरांकडे कधी जावे” असे विचारले की माहिती देणारी पाने वर येण्याची शक्यता वाढते. हे सांगून पटत नाही, करून पटते. अर्ध्या गटाला पहिला प्रश्न द्यावा, अर्ध्याला दुसरा, आणि आलेल्या पहिल्या पाच-सहा निकालांत विक्रीची पाने किती आली ते दोन्ही गटांना मोजायला लावावे. ज्या निकालावर “प्रायोजित” असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते तो पैसे देऊन वर आणलेला असतो, ही खूणही येथेच दाखवावी.

घरचा शब्द वापरून हवे ते मिळाले नाही तर दवाखान्यातल्या कागदावरचा शब्द वापरून पाहावा. माइकवर मराठवाडी उच्चार पुष्कळदा चुकीचे उमटतात, म्हणून बोलून झाल्यावर उमटलेला शब्द नजरेखालून घालण्याची किंवा जोडीदारणीकडून वाचून घेण्याची सवय लावावी.

मराठीत चांगला आरोग्यविषयक मजकूर थोडाच आहे, हे प्रशिक्षकाने मान्य केलेले बरे. सरकारी पाने पुष्कळदा परिपत्रकांनी भरलेली असतात आणि सामान्य बाईला हवे ते त्यांत सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटना, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आहाराच्या प्रश्नांसाठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, बालकांसाठी युनिसेफ, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे विकासपीडिया हे संकेतस्थळ, एवढी नावे ओळखीची करून द्यावीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस किंवा ब्रिटनच्या आरोग्यसेवेची पाने इंग्रजीत असली तरी साध्या भाषेत असतात आणि ब्राउझर त्यांचे मराठीत भाषांतर करून दाखवतो. अशा यांत्रिक भाषांतरात “नाही” गळू शकते आणि आकडे इकडचे तिकडे होऊ शकतात, म्हणून भाषांतरित पानावरून औषधाची मात्रा कधीही घेऊ नये.

हाच नियम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांनाही लावावा. शोधाच्या वरच्या बाजूला येणारे तयार उत्तर किंवा गप्पा मारणाऱ्या ॲपने दिलेले उत्तर सुबक मराठीत असते, आत्मविश्वासाने दिलेले असते आणि कधी कधी साफ चुकीचे असते. प्रश्न नीट मांडायला त्याची मदत जरूर घ्यावी. उत्तर मात्र त्याखाली दिलेल्या मूळ पानावर जाऊन पाहावे, आणि मूळ पान दिलेलेच नसेल तर ते ऐकीव गोष्टीइतकेच धरावे.

सहावी पायरी : चार प्रश्नांची चाळण

समोर आलेल्या कोणत्याही पानाला किंवा व्हिडिओला चार प्रश्न विचारायला शिकवावे: कोण सांगते आहे, कशासाठी सांगते आहे, केव्हा सांगितले आहे, आणि कशाच्या आधारावर सांगते आहे.

पहिल्या प्रश्नासाठी पत्ता वाचता यायला हवा. जी-ओ-व्ही डॉट आय-एन किंवा एन-आय-सी डॉट आय-एन हे शेपूट फक्त शासकीय संस्थांना मिळते. पण फसवणारे लोक “जीओव्ही” हे अक्षरगट पत्त्याच्या मध्येच घालतात, म्हणून सुरुवातीच्या जोड रेघा (//) सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहण्याची सवय लावावी. ओ-आर-जी हे शेपूट कोणीही विकत घेऊ शकतो. यूट्यूबवरील वाहिनीच्या नावापुढची बरोबरची खूण वाहिनी खरोखर त्याच व्यक्तीची आहे एवढे सांगते, ती व्यक्ती खरे बोलते असे सांगत नाही.

दुसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि बायका तो सर्वांत लवकर आत्मसात करतात, कारण बाजारात माल पारखण्याचा सराव त्यांना असतोच. जो आजार सांगतो तोच औषध विकत असेल तर सावध व्हावे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये झाला, आणि त्याच्या परिशिष्टातील यादीत मधुमेह, कर्करोग यांच्याबरोबर गर्भाशयाचे विकार, मासिक पाळीच्या तक्रारी आणि एकूणच स्त्रियांचे आजार यांचा समावेश आहे. हे आजार औषधाने बरे होतील अशी जाहिरात करण्याला कायद्याने मनाई आहे. म्हणजे “पाळीच्या सर्व तक्रारींवर हमखास” असे म्हणणारी जाहिरात मुळातच कायद्याबाहेरची आहे. हे कळल्यावर गटात होणारी कुजबुज थांबवू नये; आपण आजवर काय काय मागवले याचा हिशेब तेव्हा सुरू होतो.

तारखेच्या प्रश्नावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पानाच्या वर किंवा खाली तारीख शोधावी आणि ती नसेल तर दुसरे पान पाहावे. आधाराच्या प्रश्नासाठी मात्र एक साधा नियम द्यावा की तोच मजकूर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी सापडला पाहिजे. शब्दशः सारखा मजकूर दहा ठिकाणी दिसला तर तो एकाच ठिकाणाहून उचललेला असतो, आणि ती दहा ठिकाणे मिळून एकच धरावी. “माझ्या मामेबहिणीला गुण आला” हा आधार कसा मोजायचा, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. गुण आला नाही त्या बायका व्हिडिओ काढत नाहीत, हा मुद्दा गटातूनच कोणीतरी मांडते.

सातवी पायरी : पिशवीच्या शस्त्रक्रियेवरचा सराव

या प्रशिक्षणातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत नाजूक सत्र हेच आहे, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या भेटीआधी घेऊ नये. गटात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया असतीलच. आपण फसलो, अशी टोचणी त्यांना लागेल असे एकही वाक्य बोलू नये; त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवला नव्हता. काही जणींची शस्त्रक्रिया आवश्यकही असेल, आणि ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सरावासाठी “पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल का” हा प्रश्न ठेवावा आणि वरच्या पायऱ्यांप्रमाणे शोध घ्यायला सांगावा. शोधाअंती काय सापडायला हवे, हे प्रशिक्षकाला आधी ठाऊक असले पाहिजे. पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते, थोडा स्राव तर नैसर्गिकच असतो, आणि संसर्गावर औषधोपचार होतात. गाठी, अतिरक्तस्राव, अंग बाहेर येणे यांवर गर्भाशय काढणे हा एक उपाय आहे, परंतु बऱ्याच वेळा तो पहिला उपाय नसतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते, आणि हे कमी वयात झाले तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्यसंस्थांत होते, आणि कर्करोगाची भीती घालवण्याचा मार्ग तपासणी हा आहे. याच्या जोडीला उलट बाजूही सांगावी: पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव होणे, यांपैकी काहीही झाले तर शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रियेविषयी शंका घ्यायला शिकवताना दवाखान्याविषयीच तिटकारा निर्माण झाला, तर आपण एका अपायाच्या जागी दुसरा आणून ठेवू.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. ही माहिती बाईला डॉक्टरांशी भांडण्यासाठी द्यायची नाही. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, एवढा धीर तिला त्यातून मिळतो.

सत्राच्या शेवटी प्रत्येकीकडून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करून घ्यावेत: मला नेमका कोणता आजार आहे, तो कोणत्या तपासणीवरून ठरला, औषधाने किंवा लहान उपचाराने तो बरा होण्यासारखा आहे का, शस्त्रक्रिया काही महिने थांबवली तर काय होईल, अंडाशये ठेवणार की काढणार, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी तपासणीचे कागद मिळतील का. जिला लिहिता येत नाही तिने हे प्रश्न स्वतःच्या आवाजात फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. मग दोघींनी डॉक्टर आणि रुग्ण होऊन ते एकदा विचारून पाहावेत. डॉक्टरची भूमिका करणारीने मुद्दाम घाई करावी आणि तुटक उत्तरे द्यावीत, कारण प्रत्यक्षात तसेच घडण्याचा संभव अधिक असतो.

आठवी पायरी : शोध कधी घ्यायचा नाही

काही प्रसंगी फोनचा उपयोग फक्त फोन करण्यासाठी असतो. उसाच्या फडात साप चावतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा वेळी व्हिडिओ पाहत बसणे घातक ठरते. चावलेला अवयव हलू न देणे, घट्ट न बांधणे, न कापणे, न चोखणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात ताबडतोब नेणे, हे आधीच पाठ असले पाहिजे. श्वास लागणे, अतिरक्तस्राव, झटके, बाळाने दूध ओढणे बंद करणे, गरोदरपणात डोके दुखून नजर अंधुक होणे, या प्रसंगांचीही अशीच तयारी करावी.

रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता आणि नवजात बाळांच्या वाहतुकीसाठी १०२, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, आणि मनाच्या तक्रारींसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६, हे क्रमांक केवळ फोनमध्ये साठवू नयेत; ते कागदावर लिहून कोपीत दिसेल अशा जागी लावावेत, कारण फोन बंद पडतो किंवा तो नेलेला माणूस फडावर असतो. १०४ वर एक फोन सत्रातच, सर्वांसमोर, स्पीकरवर लावून करावा. पलीकडून काय विचारतात हे एकदा ऐकले की पुढचा फोन करण्याची भीड मोडते. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी व्हिडिओद्वारे बोलता येते, पण ॲप स्वतः चालवण्यापेक्षा आयुष्मान आरोग्य मंदिरातील (म्हणजे उपकेंद्रातील) समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ती सेवा घेणे नवख्या व्यक्तीला सोपे जाते.

याच सत्रात फसवणुकीविषयी दोन वाक्ये पुरेशी आहेत. आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून पैसे किंवा ओटीपी मागणारा माणूस फसवणारा असतो, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आलेल्या लिंकवरून न करता रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

नववी पायरी : हंगामातला पाठपुरावा

काय शिकवले ते आठवते का, अशी परीक्षा घेऊ नये. शेवटच्या सत्रात प्रत्येक जोडीला आधी न पाहिलेला एखादा फॉरवर्ड द्यावा आणि त्या काय करतात ते गप्प बसून पाहावे. पुढे पाठवण्याआधी त्या थांबल्या का, कोण सांगते आहे हे त्यांनी पाहिले का, दुसरे ठिकाण शोधले का, आणि शेवटी कोणाला काय विचारायचे ते ठरवले का, याची नोंद ठेवावी. जी थांबली पण शोधू शकली नाही, तिला कमी लेखू नये; थांबणे हेच अवघड असते.

टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक टोळीतील एका स्त्रीचे नाव संपर्कासाठी ठरवावे आणि गटासाठी छोटा व्हॉट्सअप गट करावा. त्यावर प्रशिक्षकाने सल्ला देऊ नये. आलेला मजकूर कोठे तपासता येईल एवढेच सांगावे आणि औषधाचे नाव कोणीही सुचवू नये, असा नियम पहिल्या दिवशीच ठेवावा. कोणाच्याही आजाराचे कागद किंवा छायाचित्रे गटावर टाकू देऊ नयेत.

कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांसाठी वेगळी तजवीज लागते. १०८ आणि १०४ हे क्रमांक तेथेही चालतात, पण पलीकडून कन्नडमध्ये उत्तर येते आणि ठिकाण सांगताना अडचण होते. म्हणून कोपी कोणत्या गावाच्या हद्दीत आहे, जवळचा कारखाना कोणता आणि सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणत्या रस्त्यावर आहे, ही तीन नावे टोळी पोहोचल्यानंतर पहिल्याच आठवड्यात स्थानिक दुकानदाराकडून कन्नडमध्ये लिहून घ्यायला सांगावीत, ती मोठ्याने म्हणून पाहायला सांगावीत, आणि त्या कागदाचे छायाचित्र संपर्क-स्त्रीने गावच्या आशाताईंकडे पाठवून ठेवावे.